देशभक्तीची पहिली कविता लिहिताना

तुमच्या मसुद्यातले ‘वीर’, ‘रक्त’, ‘शौर्य’, ‘पावन’ हे शब्द आधी पुसून बघा. मागे काय उरतं? काहीच नसेल, तर ती घोषणा होती. देश मनात येतो तो आपल्या मातीतून. खडकाळ माळ, पाटाचं पाणी, बांधावरची बाभूळ, असं एक दृश्य निवडून त्यावर निदान चार ओळी थांबा. नद्यांची नुसती यादी नको, प्रत्येक नावाला काम हवं. २०२३ साली राज्यगीत झालेल्या राजा बढे यांच्या गीतात भीमथडीची (भीमा नदीकाठची) तट्टं यमुनेचं पाणी पितात. एका ओळीत भूगोलही आला, इतिहासही.

वृत्त साधं घ्या. सोळा मात्रांची ओळ, आठ-आठचे दोन भाग: ‘नांगरलेल्या रानावरती’. (मात्रा म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळेचं माप: लघू, म्हणजे ऱ्हस्व अक्षराची एक, गुरू, म्हणजे दीर्घ अक्षराच्या दोन.) ‘काळी माती ओला वारा’ याही सोळाच, पण सगळी अक्षरं गुरू, म्हणून ओळ बैलगाडीसारखी चालते. मात्रा मोजताना नवखे जोडाक्षरात फसतात. ‘रक्त’मधला ‘र’ गुरू होतो, कारण त्यावर आघात येतो. ‘पुन्हा’मधला ‘पु’ मात्र लघूच राहतो. कानाने तपासा, हाताने ठेका धरून.

चार कडवी पुष्कळ झाली. शत्रूला शिव्या देणारं कडवं बहुधा सगळ्यात सोपं आणि सगळ्यात फिकं उतरतं (टाळ्या मात्र त्यालाच मिळतात). आणि ‘आम्ही’ लिहिताना त्यात कोण बसतं ते तपासा: ऊसतोड मजूर, कोळीण, पारधी वस्तीवरचं पोर?