वाचकांचे प्रश्न : लेकीची पहिली रायफल

प्रश्न : आम्ही विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनजवळ राहतो. मुलगी ११ वर्षांची आहे, उंची ४ फूट ८ इंच, वजन ३४ किलो. नोव्हेंबरमध्ये शेजाऱ्यांबरोबर हरणाच्या शिकारीला जायचंच असं तिने मनावर घेतलंय. शेजारी त्यांची जुनी .३०-३० लिव्हर रायफल (खालची दांडी ओढून काडतूस चढवायची) द्यायला तयार आहेत. दुकानदार म्हणतो, .३०८ घ्या, मोठी झाल्यावरही उपयोगी पडेल. काय करावं?

उत्तर : दुकानदाराचं आत्ता ऐकू नका. रायफल म्हणजे वाढत्या अंगाचा फ्रॉक नव्हे. सात पौंडांच्या रायफलीतून .३०८ काडतुसाची १५० ग्रेनची गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) झाडली तर खांद्याला साधारण १६ ते १८ फूट-पौंडांचा धक्का बसतो. १०० ग्रेनच्या .२४३ विंचेस्टरचा धक्का १०च्या आसपास असतो. ३४ किलोच्या मुलीला हा फरक पहिल्याच गोळीला कळतो. मग चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायची आणि खांदा मागे घ्यायची सवय लागते, आणि ती मोडायला पुढे वर्षं जातात.

आधी माप घ्या, काडतुसाचं नंतर बघू. तिला नोव्हेंबरचं जाड जॅकेट घालायला सांगा. कोपर काटकोनात वाकवून कोपराच्या आतल्या खळगीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत अंतर मोजा. दस्त्याच्या (खांद्याला टेकणाऱ्या भागाच्या) टोकापासून चापापर्यंतची लांबी साधारण तेवढी हवी. मोठ्यांच्या रायफलीत ती साडेतेरा इंचांच्या पुढे असते, तुमच्या मुलीला बारा-साडेबारा इंच पुरतील. दस्ता लांब असला की मूल मागे झुकून, पोट पुढे काढून उभं राहतं आणि रायफलीचं वजन डाव्या हातावर येतं. हे दिसलं की ती रायफल तिच्यासाठी नाही, किंमत कितीही चांगली असो. मॉसबर्ग पेट्रियट सुपर बँटममध्ये दस्त्याला चकत्या लावून लांबी वाढवता येते, त्यामुळे मूल वाढलं तरी रायफल बदलावी लागत नाही. रूगर अमेरिकन कॉम्पॅक्टही आखूड दस्त्याची आहे. फार हलकी रायफल मात्र नको. वजन जितकं कमी तितका धक्का जास्त, हे दुकानात हातात धरून कळत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेक आईबाप तपासतच नाहीत. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमधून छोटं त्रिकोणी भोक करायला लावा आणि त्यातून दूरचा दिवा बघायला सांगा. मग एकेक डोळा मिटायला लावा. दिवा ज्या डोळ्याला दिसत राहतो तो तिचा मुख्य डोळा. उजवा हात आणि डावा डोळा अशी जोडी निघाली, तर डाव्या खांद्यावरून झाडायला शिकवणं बरं. मुलं ते मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. डावखुऱ्यांसाठी बोल्ट (काडतूस आत ढकलायची खिटी) दुसऱ्या बाजूला असलेल्या रायफली मिळतात, आधी विचारून घ्या.

आता काडतूस. .२४३ ही ठरलेली निवड आहे. ७ एमएम-०८ आणि ६.५ क्रीडमूर धक्क्याला तिच्याहून थोड्या जड, दोन वर्षांनी घेतल्या तर उत्तम. .२४३मध्ये ९५ ते १०० ग्रेनची हरणासाठीचीच गोळी घ्या. ५५-५८ ग्रेनच्या हलक्या गोळ्या कोल्ह्यासारख्या लहान जनावरांसाठी असतात. त्या हरणाच्या खांद्यावर लवकर फुटतात, आत खोल जात नाहीत, आणि जखमी हरीण रानात हरवतं. तांब्याची गोळी घेतली तर ८०-८५ ग्रेन चालते, आणि मांसात शिशाचे बारीक कण राहायची चिंता नसते. तुम्ही ओहायोला राहत असता तर उत्तर वेगळं आलं असतं. तिथे हरणासाठी सरळ भिंतीचं (तोंडाशी निमुळतं न होणारं) काडतूस लागतं, म्हणून मुलांसाठी .३५० लेजंड घेतात. विस्कॉन्सिनमध्ये ती अडचण नाही.

शेजाऱ्यांच्या .३०-३०बद्दल. धक्का सोसण्याइतका आहे, पण तिचा घोडा (काडतूस उडवायला मागून आपटणारा हातोडा) उघडा असतो. हरीण निघून गेलं की भरलेल्या काडतुसावर उभा केलेला घोडा अंगठ्याने हळूच खाली आणावा लागतो. गारठलेल्या, हातमोज्यातल्या लहान अंगठ्यातून तो निसटतो. शिवाय नळीसारख्या मॅगझिनमध्ये टोकदार धातूची गोळी भरायची नसते, कारण तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (बुडातल्या, ठोका बसताच पेटणाऱ्या टिकलीला) टेकतं. पहिल्या वर्षी एवढ्या गोष्टी लक्षात ठेवायला लावू नका. शेजाऱ्यांचे आभार माना आणि बोल्ट असलेलीच रायफल घ्या.

स्कोप (रायफलीवरची दुर्बीण) २-७ किंवा ३-९ पटींचा पुरे, पण डोळ्यापासूनचं अंतर साडेतीन इंचांहून कमी नको. तो बाबांनी आपल्या मानेच्या मापाने बसवला की मूल मान पुढे काढून बघतं आणि धक्क्याने स्कोपची कडा भुवईवर बसते. तिला जॅकेट घालून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगा. डोळे उघडल्यावर पूर्ण वर्तुळ दिसेपर्यंत स्कोप मागेपुढे सरकवा आणि मगच स्क्रू आवळा. रानात स्कोप सगळ्यात कमी पॉवरवर ठेवा. ९ पॉवरवर चाळीस यार्डांवरचं हरीण म्हणजे नुसते तपकिरी केस, आणि मूल गोंधळून जातं.

सरावाची सुरुवात .२२ने (धक्का जवळपास नसलेल्या छोट्या रायफलीने) करा. मोठ्या रायफलीच्या एका दिवसाला दहा गोळ्या पुष्कळ झाल्या. कानात प्लग आणि वर इअरमफ, दोन्ही हवेत. छप्पर असलेल्या रेंजवर आवाज दुप्पट वाटतो आणि मुलं खूपदा धक्क्याला नव्हे, आवाजाला घाबरतात. म्हणून नळीच्या टोकाचा मझल ब्रेकही टाळा. धक्का कमी होतो खरा, पण कानठळ्या बसतात. अधूनमधून तिच्या नकळत खोटं काडतूस भरा. चाप ओढल्यावर नुसतं टिक वाजलं आणि नळी खाली गेली, तर त्या दिवशी मोठी रायफल बंद आणि .२२ सुरू. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं आठ इंचांच्या कागदी ताटलीत मावतात. काठीच्या आधाराने बसून शंभर यार्डांवर पाचही गोळ्या ताटलीत पडेपर्यंत शंभर यार्डांवर झाडू देऊ नका. पन्नासवर जमत असेल, तर यंदाची मर्यादा पन्नास यार्ड.

विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारशिक्षणाचा कोर्स करावा लागतो. तुमची मुलगी बारा वर्षांखालची आहे, त्यामुळे तिला मार्गदर्शकासोबतच जाता येतं. त्यासाठी कोर्स लागत नाही, पण मार्गदर्शक हाताच्या अंतरावर हवा. कोर्स मात्र तरीही करून घ्या. कमरेच्या वरचे निम्मे कपडे भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी हवेत. आणि रायफल मुलीची असली तरी कपाटाची किल्ली तुमच्याकडे.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. मुलासाठी रायफल माझ्या नावाने घेता येईल का?

उत्तर : नुसत्या व्हिसावर नाही. फेडरल कायद्याने एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना बंदूक विकत घ्यायलाच नव्हे, जवळ बाळगायलाही बंदी आहे. तिला अपवाद आहेत, आणि आपल्या लोकांना उपयोगी पडणारा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा शिकारीचा परवाना, तोही मुदत न संपलेला. परवाना संपला की अपवादही संपला. रायफल घरातच राहिली तर तुम्ही बेकायदा ठरता, आणि त्याचे चटके ग्रीन कार्डाच्या अर्जाला बसतात. मुलगा एच-४वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असेल तर हाच नियम त्यालाही लागू आहे, म्हणून त्याच्या हातात रायफल देण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही.

प्रश्न : आम्ही नाशिकला असतो. मुलाला अशीच आवड आहे. इथे काय करता येईल?

उत्तर : हरणाची शिकार नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती गुन्हा आहे, चितळ असो की सांबर. नेमबाजी मात्र करता येते. .१७७ इंच व्यासाच्या नळीची, २० जूलांपेक्षा जास्त ताकद नसलेली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. ती घेण्याआधी क्लबच्या रेंजवर दोन-तीन महिने त्यांच्याच रायफलीवर शिकू द्या. दस्त्याचं माप, मुख्य डोळा आणि चाप ओढायची पद्धत तिथेही वर सांगितल्याप्रमाणेच.