नुसता आकडा पाठ करू नको

वेरूळची लेणी 34, अजिंठ्याची 30. भरतीची परीक्षा असो की गावातली प्रश्नमंजूषा, पोरं हमखास इथंच अडकतात, कारण सुटे आकडे डोक्यात टिकत नाहीत. वेरूळ फोडून लिही: 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन, कैलास 16 वं. गटांची बेरीज कर, 12 + 17 + 5 = 34. ती जुळली की अजिंठ्याशी गल्लत होत नाही.

आकड्यापुढं अट लिहायचीच. हाडं 206, पण प्रौढ माणसाची. बाळाची जास्त असतात, पुढं त्यातली काही एकमेकांत जुळतात. दात 32, दुधाचे 20.

बदलणारे आकडे पेन्सिलनं, सालासकट. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला तेव्हा जिल्हे 5. मग 1981 ला जालना, 1982 ला लातूर, 1999 ला हिंगोली, म्हणून आज 8. जुन्या पुस्तकात 7 दिसले तर ते चूक नाही, शिळं आहे!

खेळात प्रश्न नीट वाच. कबड्डीत मैदानावर 7, खो-खोत 9. ‘संघात किती’ विचारलं तर उत्तर वेगळं.