नकाशा आधी जमिनीवर अंथरा

वाचकांचे प्रश्न : प्राथमिक शाळेतला भूगोल

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. उत्तर दिशा कुठे असं विचारलं की ती छताकडे बोट दाखवते. पाठ तर सगळं आहे. घरी काय करून घ्यावं? (पालक, दादर)

उत्तर : नकाशा कायम भिंतीवर बघितल्यामुळे हे होतं. भिंतीवरच्या नकाशात उत्तर खरोखरच 'वर' असते, तेव्हा मुलीचं म्हणणं तिच्या परीने बरोबरच आहे. नकाशा उतरवा, लादीवर अंथरा आणि त्याची उत्तर बाजू खऱ्या उत्तरेकडे येईपर्यंत फिरवा. मग तिला नकाशावरच्या मुंबईजवळ उभं करून विचारा, ठाण्याला जायचं तर तोंड कुठे करशील? आणि अलिबागला?

दादरला राहता हे सोयीचं आहे. चौपाटीवर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की समोर पश्चिम, उजव्या हाताला माहीम म्हणजे उत्तर, डाव्या हाताला प्रभादेवी-वरळी म्हणजे दक्षिण. पण 'समुद्र म्हणजे पश्चिम' असं मात्र पक्कं होऊ देऊ नका. गेटवेला समुद्र पूर्वेला आहे आणि घारापुरीची लाँचही पूर्वेकडेच जाते. दोन्ही ठिकाणी एकदा नेऊन आणा.

'सूर्य उगवतो ती पूर्व' हेही वर्षातून दोनदाच नेमकं खरं असतं, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. मुंबईत जूनअखेरीस सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो, डिसेंबरअखेरीस तेवढाच दक्षिणेकडे. म्हणून खिडकीतून सूर्य बघून दिशा ठरवली असेल, तर महिना कोणता होता ते आठवा. घरात रोजच्या बोलण्यात दिशा आणा : पूर्वेची खिडकी लाव, दप्तर उत्तरेच्या भिंतीला ठेव. पंधरा दिवसांत फरक दिसतो.

प्रश्न : काठीची सावली बारा वाजता सर्वांत लहान असते असं शिकवलं, पण मैदानावर ती बारानंतरही लहान होत गेली. मुलांनी विचारलं, उत्तर देता आलं नाही. (शिक्षिका, कुर्ला)

उत्तर : मुलांनी बरोबर टिपलं. आपली घड्याळं ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावर लावलेली आहेत, ते उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. मुंबई त्याच्या जवळजवळ साडेनऊ अंश पश्चिमेला आहे. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून आपली खरी माध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असण्याची वेळ, साधारण १२.४० ला होते. तीही वर्षभर सारखी नसते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.२२ च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्याला १२.५३ च्या आसपास. तेव्हा 'बारा वाजता' म्हणू नका, 'सावली सर्वांत लहान होते तेव्हा' म्हणा आणि ती वेळ मुलांनाच शोधू द्या.

काठी ५० सेंमीची घ्या. डिसेंबरअखेरीस माध्यान्हीला तिची सावली ४५ सेंमीच्या घरात येते, मोजायला सोपी. १२.१० पासून १ वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी टोकाशी खडूची खूण करायची. काठी तिरकी झाली की सगळंच चुकतं, म्हणून दोऱ्याला खोडरबर बांधून ओळंबा करा आणि दोन बाजूंनी तपासा. सर्वांत लहान सावली ज्या दिशेला पडते ती उत्तर. मात्र मुंबईत साधारण १५ मे ते २७ जुलै या काळात माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. त्या दिवसांत शाळेला सुट्टी किंवा आभाळात ढग असतात, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : वर्गात होकायंत्र प्रत्येक बाकावर वेगळी उत्तर दाखवतं. यंत्र खराब आहे का?

उत्तर : बहुतेक नाही. बाकांचे लोखंडी पाय, कपाट, खांबातल्या सळया, मोबाइलच्या कव्हरमधलं चुंबक, सगळं सुईला ओढतं. मैदानाच्या मध्ये जा. विजेच्या प्रवाहानेही सुई हलते. विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेतली चुंबकीय मोजणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबागला हलवावी लागली, हे मुलांना जरूर सांगा.

प्रश्न : चौथीच्या मुलांकडून वर्गाचा नकाशा काढून घेतला. दार उभं, बाकांना चार पाय, पंखासुद्धा. कसं सुधारावं? (शिक्षक, भांडुप)

उत्तर : मुलांनी चित्र काढलं, कारण वरून बघणं अजून घडलेलंच नाही. पहिली तासिका फक्त त्यालाच द्या. कंपासपेटी, डबा, बाटली कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची आणि वस्तू उचलायची. बाटलीचा नुसता गोल उरतो, तेव्हा मुलं थबकतात. तो गोल म्हणजे बाटलीचा नकाशा. मग बाकाचा आयत होतो, दाराच्या जागी भिंतीतली फट येते.

दुसऱ्या तासिकेला मोजपट्टी नको, लाद्या मोजा. लादी २ फुटी असेल आणि खोली १० बाय १२ लाद्यांची, तर १ सेंमी चौकटींच्या कागदावर एक लादी म्हणजे एक चौकट. प्रमाण १ सेंमीला साधारण ६० सेंमी, पण हा आकडा शेवटी सांगा. लाद्या एक फुटी असतील तर कागद मोठा घ्या किंवा चार लाद्यांची (दोन बाय दोन) एक चौकट धरा. चारजणांचा गट पुरे. एकजण मोजतो, एकजण ओरडून सांगतो, दोघं काढतात.

हमखास चुकतं ते दोन ठिकाणी. भिंतीलगत कापलेल्या लाद्या असतात, मुलं त्या पूर्ण धरतात आणि समोरासमोरच्या भिंती जुळत नाहीत. दुसरं, प्रत्येकजण वेगळ्या कोपऱ्यातून मोजायला लागतो. दाराजवळचा एकच कोपरा ठरवा, तिथे खडूने फुली मारा. सूची आणि उत्तरेचा बाण सगळ्यांत शेवटी, कागद जमिनीवर वर्गाशी जुळवून ठेवल्यावर. बाण आधी काढला की तो कागदाच्या वरच्या कडेलाच जातो, आणि खोलीची भिंत क्वचितच नेमकी उत्तरेला असते.

हे जमलं की लोकलच्या डब्यातला स्टेशनांचा तक्ता दाखवा. त्यात मरीन लाइन्स ते चर्नी रोड आणि भाईंदर ते नायगाव सारखंच अंतर दिसतं. प्रत्यक्षात पहिलं एक किलोमीटरच्या आसपास, दुसरं वसईच्या खाडीवरून जाणारं, पावणेपाच किलोमीटरच्या घरात. या तक्त्यावर क्रम कळतो, अंतर कळत नाही. प्रमाण कशासाठी लागतं हे मुलांना इथे आपोआप उमगतं.

प्रश्न : बाटलीचं पर्जन्यमापक केलं, पण आमचा आकडा बातम्यांतल्या आकड्याशी जुळत नाही.

उत्तर : आधी बाटली बघा. २ लिटरची, सरळ अंगाची हवी, कमरेत खोलगट असलेली चालत नाही. वरचा भाग कापून तोच उलटा बसवा. दुसरं रुंद नरसाळं लावलं तर पाऊस जास्त भरतो. तळ उंचसखल असतो, म्हणून सरळ भाग सुरू होईपर्यंत खडे आणि पाणी भरून तिथे शून्याची खूण करा. छज्जाखाली ठेवू नका, गच्चीच्या मधोमध विटांच्या आधाराने ठेवा. नोंद रोज सकाळी साडेआठला घ्या, हवामान खात्याचा दिवसही तेव्हाच बदलतो.

एवढं करूनही आकडा वेगळा आला तर मुलांना तो खोडू देऊ नका. बातम्यांतले आकडे कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन ठिकाणांचे असतात. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला ९४४ मिमी नोंद झाली, आणि कुलाब्याला ७३ मिमीच्या आसपास.