जुन्या पाईपला वॉर्निश मारू का?

प्रश्न : माझे आजोबा भुसावळला रेल्वेत गार्ड होते. घरी असले की त्यांच्या तोंडात तंबाखूचा पाईप असायचाच. तो पुढे कुठे गेला, कळलं नाही. गेल्या महिन्यात जळगावात जुन्या सामानाच्या दुकानात अगदी तसाच वाकडा पाईप दिसला, बाराशेला घेतला. दुकानदार म्हणाला, इंग्रजांच्या काळातला आहे. त्यावर ‘पीटरसन’ आणि ‘मेड इन द रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ असा ठसा आहे. नळी हिरवट-पिवळी पडलीय, लाकडातून निघत नाही, आणि तिचं भोक टोकाला नसून वरच्या अंगाला आहे. वाटीत काजळी गच्च. सुताराकडून घासून वॉर्निश मारून घेऊ का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, सुताराकडे नेऊ नका. पॉलिश पेपरचे चार हात बसले की ठसा जाईल, आणि त्या पाईपची ओळख सांगणारं तेवढंच आहे. आयर्लंड प्रजासत्ताक झालं 1949 मध्ये. म्हणजे तुमचा पाईप त्यानंतरचाच. दुकानदाराची गोष्ट खोटी. पण वस्तू चांगली आहे. वरच्या अंगाचं भोक हा दोष नव्हे, डब्लिनच्या पीटरसन या पाईप कंपनीची ती खासियत. धूर जिभेवर न येता टाळूकडे जावा म्हणून तसं केलेलं.

नळी एबोनाइटची असणार, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. जुनी शाईची पेनं त्याचीच असत. ऊन लागलं की ती अशी पिवळी पडते आणि गंधकाचा वास मारते. मी वर्कशॉपात लेथवर होतो, तेव्हा एका निवृत्त ड्रायव्हरने असाच पाईप आणून दिला. मी नेट लावून नळी पिळली आणि आतला खुंटा मोडला. नवी नळी करून दिली, पण त्यांच्या दातांनी झिजलेली ती जुनी नळी गेली. त्यांचा उतरलेला चेहरा मला अजून दिसतो. म्हणून सांगतो, जोर नको. पाईप पिशवीत घालून तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. रबर लाकडापेक्षा जास्त आकसतं. मग सरळ धरून हलकेच फिरवा.

वाटीतली काजळी बोथट सुरीने थोडी थोडी काढा, लाकूड खरवडू नका. मग आपला कापूस वाटीत सैलसर भरा, मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंब थेंब टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी कापूस तपकिरी झालेला दिसेल. वास जाईपर्यंत दोन-तीनदा करा. रंगकामाचं स्पिरीट मात्र नको, त्यात मिथेनॉल असू शकतं.

नळीला ओला वॉटर पेपर लावा : आधी 400, मग 800, शेवटी 2000 नंबर. घाई केली तर चरे राहतात, दोन संध्याकाळी जाऊ द्या. लाकूड ब्रायरचं असेल, भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या मुळाची गाठ. त्याला वॉर्निश नकोच, मेणाचा पातळ हात पुरे.

एक कळकळीची विनंती. पाईप आठवण म्हणून ठेवा, तंबाखू भरू नका. धूर छातीत ओढला नाही तरी तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर होतो.

आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तो खिडकीत ठेवू नका. कपाटात, कापडात गुंडाळून ठेवा, नाहीतर नळी पुन्हा पिवळी पडेल.