वाचकांचे प्रश्न: दूरदेशीच्या करारांची कागदी बाजू

प्रश्न: दोन देशांच्या मंत्र्यांनी करारावर सह्या केल्या, फोटो छापून आले. वर्ष उलटले तरी आयात शुल्क होते तिथेच आहे. करार झाला म्हणजे नेमके काय झाले?

उत्तर: आधी बातमीतला शब्द पाहा. ‘सामंजस्य करार’ म्हणजे इरादापत्र. त्यातून समित्या नेमल्या जातात, शिष्टमंडळे ये-जा करतात, पण शुल्क एका पैशानेही हलत नाही. शुल्क हलवायला बंधनकारक व्यापार करार लागतो आणि त्याला किमान तीन पायऱ्या असतात: सही, आपापल्या देशातील मंजुरी आणि अंमलाचा दिवस. सहीनंतर देशावर एवढेच बंधन येते की कराराच्या हेतूलाच सुरुंग लागेल असे काही करायचे नाही. तहांविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचे कलम १८ हेच सांगते.

पॅसिफिकभोवतीच्या अकरा देशांनी केलेला सीपीटीपीपी हा व्यापार करार घ्या. ८ मार्च २०१८ रोजी चिलीची राजधानी सांतियागो येथे सह्या झाल्या. सहा देशांनी मंजुरी दिल्यावर ३० डिसेंबर २०१८ पासून तो त्या देशांपुरता लागू झाला. खुद्द यजमान चिलीसाठी मात्र तो फेब्रुवारी २०२३ मध्ये लागू झाला आणि ब्रुनेईसाठी त्याच वर्षी जुलैत, या अकरांत सर्वांत शेवटी. गंमत अशी की ज्या छोट्या करारातून हे सारे वाढले, त्याच्या चार सदस्यांपैकी (चिली, न्यूझीलंड, सिंगापूर, ब्रुनेई) दोघे शेपटाला आले.

मधली वाटही असते. तिला ‘तात्पुरती अंमलबजावणी’ म्हणतात. युरोपीय संघ आणि कॅनडा यांच्या करारावर ऑक्टोबर २०१६ मध्ये सह्या झाल्या आणि त्याचा बहुतांश भाग २१ सप्टेंबर २०१७ पासून असाच तात्पुरता लागू झाला. गुंतवणूक संरक्षणाची कलमे मात्र सदस्य देशांच्या संसदांसाठी थांबली. तेव्हा व्यापाऱ्याने सहीची तारीख सोडून द्यावी. आयात करणाऱ्या देशाच्या सीमाशुल्क खात्याची अधिसूचना निघाली का, तिच्यात आपला माल आहे का आणि शुल्क एकदम शून्य होते की दरवर्षी टप्प्याटप्प्याने उतरते, हे पाहावे. दहा वर्षांच्या टप्प्यात असलेल्या मालाला पहिल्या वर्षी मिळणारी सूट अनेकदा नाममात्र असते.

प्रश्न: आमचा माल आमच्याच कारखान्यात बनतो. तरीही समोरच्या देशाच्या कस्टम्सने सवलतीचे शुल्क नाकारले. असे का?

उत्तर: सवलतीचे बहुतेक दावे इथेच कोसळतात, म्हणून सविस्तर सांगतो. कारखाना तुमच्या देशात असणे पुरेसे नाही. कराराच्या व्याख्येनुसार मालाचे ‘मूळ’ तुमच्या देशात ठरले पाहिजे.

सहसा दोनपैकी एक कसोटी असते, कधी दोन्ही. पहिली कोड बदलाची: बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाचा एचएस कोड (कस्टम्ससाठी वस्तूंचे वर्गीकरण करणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) आणि तयार वस्तूचा कोड चार अंकी पातळीवर वेगळा हवा. दुसरी मूल्यवर्धनाची. समजा, जहाजावर चढवेपर्यंतची किंमत १०० डॉलर आहे, त्यात परका कच्चा माल ५८ डॉलरचा आहे आणि करारातली अट ४० टक्क्यांची आहे. तुमचे मूल्यवर्धन ४२ टक्के, म्हणजे पास. पण परका माल ज्या चलनात घेता ते चलन सहा टक्क्यांनी महागले आणि विक्रीची किंमत तीच राहिली, तर ५८ चे साधारण ६१.५ होतात आणि मूल्यवर्धन ३८.५ वर येते. कारखान्यात एक खिळाही बदललेला नसताना माल नापास होतो. म्हणून हा हिशेब वर्षातून एकदा करून फायलीत ठेवू नका, दर खेपेला करा. काठावर असाल तर कोड बदलाची कसोटी उपलब्ध आहे का ते पाहा. चलन हलले तरी ती हलत नाही.

काठावरच्यांसाठी आणखी एक सोय असते, तिला संचयन म्हणतात. करारातल्या जोडीदार देशाकडून घेतलेला सुटा भाग ‘आपलाच’ धरता येतो. १०० डॉलरच्या वस्तूत परका माल ६३ डॉलरचा आहे आणि त्यातला १० डॉलरचा भाग जोडीदार देशाच्या मूळचा असेल, तर परका माल ५३ धरला जातो आणि मूल्यवर्धन ३७ चे ४७ टक्के होते. मात्र त्या भागाचा मूळ देशाचा दाखला पुरवठादाराकडून आधीच घेतलेला हवा. चौकशी सुरू झाल्यावर मागायला गेलात तर तो सहसा मिळत नाही.

आता कोडविषयी. एचएस कोडचे पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, पुढचे अंक ज्याच्या त्याच्या देशाचे. तरीही एकच वस्तू दोन कस्टम्सना दोन वेगळ्या शीर्षकांखाली बसणारी वाटू शकते. दाखल्यावर एक कोड आणि आयातीच्या कागदावर दुसरा असेल, तर सवलत अडते. त्यात भर म्हणजे आवृत्त्या. सध्याची आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासूनची आहे, पण अनेक करारांतल्या याद्या त्याआधीच्या आवृत्तीत लिहिलेल्या असतात. दाखल्यावर कोणत्या आवृत्तीचा कोड घालायचा हे त्या करारात पाहा आणि जुन्या-नव्या कोडचा तुलनातक्ता जवळ ठेवा. उत्तम उपाय म्हणजे कोणता कोड लागेल याचा आयातदाराने आपल्या कस्टम्सकडून आगाऊ निर्णय घेणे. जागतिक व्यापार संघटनेच्या २०१७ पासून लागू असलेल्या व्यापार सुलभीकरण करारात ही सोय दिली आहे.

शेवटचा सापळा केवळ दूरच्या भागीदारांसाठी आहे. थेट जहाज नसते, माल मधल्या मोठ्या बंदरात उतरून दुसऱ्या जहाजावर चढतो. बहुतेक करारांना हे चालते, पण माल तिथे कस्टम्सच्या ताब्यातच राहिला पाहिजे आणि उतरवणे, चढवणे, नासू न देणे यापलीकडे त्याला कोणी हात लावलेला नसावा. पुरावा म्हणून सुरुवातीच्या बंदरापासून शेवटच्या बंदरापर्यंतचे एकच बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर घेतल्याची जहाज कंपनीची पावती) घ्या. दोन तुकड्यांत घेतलेत, तर मधल्या बंदराच्या कस्टम्सचा ‘माल जसाच्या तसा गेला’ असा दाखला लागेल, आणि तो मागाहून काढणे महाकठीण. मधल्या गोदामात खेप फोडून दोन ग्राहकांना पाठवण्याचा मोह होत असेल, तर त्याला परवानगी आहे का हे आधी वाचा. विक्रीचे बिल तिसऱ्या देशातला दलाल काढणार असेल, तर मूळ देशाच्या दाखल्यावर त्यासाठी असलेल्या चौकटीत खूण करायला विसरू नका.

प्रश्न: इतका खटाटोप प्रत्येक वेळी करावा का?

उत्तर: नाही. साधे शुल्क २ टक्के आणि खेप ५,००० डॉलरची असेल, तर वाचतात १०० डॉलर. दाखल्याची फी, माणसाचे तास आणि पुढे कित्येक वर्षे कागद जपण्याची जबाबदारी धरली तर सरळ शुल्क भरलेले बरे. तेच शुल्क १२ टक्के आणि खेप ४०,००० डॉलरची असेल, तर ४,८०० डॉलर वाचतात. तिथे आळस नको.

प्रश्न: माल ठरल्याप्रमाणे पाठवला, खरेदीदारही समाधानी आहे, तरी बँकेने एलसीचे पैसे अडवले. बँकेला असा हक्क आहे का?

उत्तर: आहे. एलसी म्हणजे ठरलेले कागद बरोबर असतील तर पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची हमी. त्यात बँक माल पाहत नाही, कागद पाहते. यूसीपी ६०० या जगभर वापरल्या जाणाऱ्या नियमावलीचा पायाच तो आहे. बँकेला तपासणीसाठी कागद हाती आल्यानंतर जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवस मिळतात. नकार द्यायचा तर त्याच मुदतीत, एकाच पत्रात, सगळ्या त्रुटी सांगून द्यावा लागतो. मुदत टळली तर त्रुटींचे कारण पुढे करता येत नाही. म्हणून कागद दिल्याची पोच तारखेसह घ्या.

नेहमीच्या चुका अशा: एलसीत वेगळे काही म्हटले नसेल तर माल चढवल्यापासून २१ दिवसांत, आणि एलसीची मुदत संपण्याआधी, कागद द्यावे लागतात, लोक दुसरी अट विसरतात. ५०० टन लिहिले असेल तर पाच टक्के कमी-जास्त चालते, मात्र रक्कम एलसीपेक्षा वर जाता कामा नये. ‘२,००० पेट्या’ लिहिले असेल तर ही सूट नाही, १,९९९ पेट्या म्हणजे त्रुटी. प्रमाणाआधी ‘सुमारे’ हा शब्द घालून घेतलात तर दहा टक्क्यांची मोकळीक मिळते. तो एलसी उघडतानाच मागा.

दूरच्या, फारशी ओळख नसलेल्या देशातील बँकेची एलसी असेल तर आपल्या देशातील बँकेची पुष्टी जोडून घ्या. शुल्क पडते, पण तिकडे परकीय चलन आटले तरी तुमचे पैसे इथली बँक देते.

प्रश्न: ज्या देशाशी व्यवहार करायचा, तिथे आपल्या देशाचा दूतावासच नाही. मग कागदांवर शिक्का कुणाचा?

उत्तर: दूतावास नसला म्हणजे संबंध नाहीत असे नव्हे. राजनैतिक संबंधांच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार एकाच राजदूताला अनेक देशांत नेमता येते, म्हणून आधी शेजारच्या राजधानीत चौकशी करा. नाहीतर मानद वाणिज्यदूत असतो. तो बहुधा तिथलाच प्रतिष्ठित रहिवासी असतो. ओळखी करून देणे, माहिती देणे यासाठी तो उत्तम, पण कोणत्या कागदावर सही करायचा अधिकार त्याला आहे हे नेमणुकीनुसार बदलते. संबंधच तुटले असतील तर तिसरा देश काम पाहतो. इराणमध्ये अमेरिकेचे काम १९८० मध्ये स्वित्झर्लंडकडे गेले ते असेच.

मुखत्यारपत्र किंवा जन्मदाखला असेल, आणि दोन्ही देश १९६१ च्या हेग करारात असतील, तर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा आपल्याच सरकारचा दाखला) पुरे, दूतावासाचा शिक्का लागत नाही. मात्र व्यापाराशी किंवा कस्टम्सशी थेट संबंध असलेले प्रशासकीय कागद त्या करारातून वगळले आहेत. काही देश मूळ देशाच्या दाखल्यावरही अपोस्टिल घेतात, काही घेत नाहीत. म्हणून आयातदाराला त्याच्या कस्टम्सकडून लेखी विचारून घ्यायला सांगा.

प्रश्न: डॉलर टाळून दोन देशांनी आपापल्या चलनात व्यवहार करायचे ठरवले, तर अडते कुठे?

उत्तर: तोलात. ‘अ’ देश ‘ब’कडून ६० चा माल घेतो आणि ८ चाच देतो, तेव्हा ‘ब’कडे ‘अ’चे चलन ५२ ने साचते. मे २०२३ मध्ये रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव यांनी गोव्यात हेच बोलून दाखवले होते: भारतीय बँकांत अब्जावधी रुपये पडून आहेत, वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलावे लागतील. मध्यवर्ती बँकांमधली चलन अदलाबदल हा त्यावरचा इलाज समजला जातो, पण ती उसनवारी आहे, ठरलेल्या दिवशी परत करावी लागते. साचलेले चलन रोख्यांत किंवा प्रकल्पांत गुंतवायची परवानगी, किंवा ज्याला ते हवे आहे असा तिसरा देश, यांपैकी एक तरी दार उघडे आहे का, हे अशा करारात आधी शोधावे. निर्यातदाराला स्वतःच्या चलनात पैसे मिळत असतील तर ही डोकेदुखी त्याची नसते, समोरच्या पक्षाची असते; पण समोरचा कंटाळला की पुढची ऑर्डर पुन्हा डॉलरमध्ये येते.