गाडी वर्षाला जेमतेम दीड-दोन हजार किलोमीटर चालते, तरी दरवर्षी सर्व्हिसिंग करायलाच हवं का? की सर्व्हिस सेंटरवाले लुटतात?

करायलाच हवं. तुम्ही लिहिलंय की गाडी पेट्रोलची आहे, सात वर्षं जुनी आहे, ऑफिसला तुम्ही लोकलने जाता आणि गाडी मुलुंडला सोसायटीत उभीच असते, "तर उभ्या गाडीचं खराब काय होणार?" हे शेवटचं वाक्य मी आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की वाचल्यावर गप्प बसवेना.

मॅन्युअल काढून बघा. बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये इंजिन ऑइलसाठी "दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते" असं काहीसं छापलेलं असतं. मुंबईत निम्म्या लोकांचं वर्षच आधी होतं, पण सगळे डोळे लावून बसतात किलोमीटरकडे.

आमचे बाबा बेस्टच्या वर्कशॉपमध्ये होते. ते होते तोवर घरच्या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बॉनेट उघडलं की ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेनने महिना आणि वर्ष. बॅटरीवर तशीच पट्टी, एअर फिल्टरच्या खोक्यावर तशीच. किलोमीटर कुठेच लिहिलेले नसत, फक्त तारखा. मी शेजारी टॉर्च धरून उभी असायचे, म्हणून मला हे सगळं माहीत आहे. दादाला त्यात कधी रस नव्हता.

बाबा गेल्यावर गाडी दादाच्या नावावर झाली. प्रभादेवीला बिल्डिंगच्या आवारात ती उभी असायची, समुद्र हाकेच्या अंतरावर. गणपतीला, लग्नाकार्याला बाहेर निघायची. मी दर वर्षी म्हणायचे, दादा, ब्रेक ऑइलची तारीख उलटून गेली. तो म्हणायचा, मीटर बघ आधी, किती चाललीये? शिवाय, तू स्कूटी चालवतेस, गाडीचं मला सांगू नकोस. इंजिन ऑइल तरी तो अधूनमधून बदलायचा. ब्रेक ऑइल त्याच्या खिजगणतीतही नव्हतं. डबीत पातळी दिसतेय ना, मग झालं.

पुण्याला मावसबहिणीचं लग्न होतं. परतताना रविवारची संध्याकाळ, गाडीत पाच माणसं, डिकी बॅगांनी आणि आहेरांनी भरलेली. खंडाळ्याच्या खाली घाट उतरताना पुढे ट्रेलरची रांग. दादाला उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची सवय, पेट्रोल वाचतं म्हणून. त्यामुळे सगळा भार ब्रेकवर, पाय पेडलवरून उठतच नव्हता. आधी जळका वास आला. आई मागून म्हणाली, कुणाच्या तरी क्लचचा वास येतोय. तो आमच्याच ब्रेकचा होता. मग दादाने पेडल दाबलं आणि ते मऊ लागलं. पुन्हा दाबलं तर थेट खाली गेलं, आणि ट्रेलरचे मागचे लाल दिवे जवळ येत राहिले.

मी पुढे बसले होते. ओरडले, तिसऱ्यात टाक, पेडल मारत राहा. त्याने टाकला. गाडीला हिसका बसला, इंजिन किंचाळलं, वेग थोडा पडला. मग दुसरा. हँडब्रेकचं बटण मी अंगठ्याने दाबून धरलं आणि तो हळूहळू वर घेतला. एकदम खेचला असता तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरली असती. आमच्यासारख्या साध्या हॅचबॅकचा हँडब्रेक तारेवर चालतो, त्याला ब्रेक ऑइल लागत नाही, म्हणून तो जिवंत होता. डाव्या कडेला दगडी कठड्याजवळ गाडी थांबली. आईचा हात माझ्या खांद्यावर होता, तो खोपोली येईपर्यंत तिने काढला नाही.

वादाचा खरा मुद्दा पुढे आहे. अर्ध्या तासाने पेडल जसंच्या तसं कडक झालं. दादा म्हणाला, बघ, काही झालेलं नाही, घाटात कुणाचेही ब्रेक तापतात. खोपोलीत हळूहळू उतरून एका गॅरेजवर थांबलो. तिथल्या माणसाने डबीचं झाकण उघडलं आणि आम्हाला आत बघायला लावलं. ब्रेक ऑइल नवीन असताना फिकट पिवळं असतं. आमचं कोऱ्या चहासारखं झालं होतं. झाकणावरच्या पट्टीवर बाबांचं अक्षर अजून वाचता येत होतं. त्या माणसाने पेनासारखा टेस्टर बुडवला, लाल दिवा लागला. म्हणाला, ताई, यात पाणी आहे.

पाणी कुणी ओतलेलं नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, तो त्याचा गुणधर्मच आहे. रबरी होजमधून, झाकणाच्या बारीक छिद्रातून ओल आत जाते, गाडी चालो वा न चालो. आणि प्रभादेवीच्या हवेत ओलीला काय तोटा? डॉट ३, डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रती. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मिसळलं की मानकाप्रमाणे तो १५५ पर्यंत खाली आलेला चालतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. घाटात ब्रेक सतत दाबून धरले की कॅलिपरमधलं, म्हणजे चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागातलं, ऑइल तेवढं तापायला वेळ लागत नाही. ते उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबून आकसत नाही, म्हणून ते पेडलचा दाब चाकापर्यंत नेतं. वाफ मात्र दाबली की आकसते. म्हणून पेडल खाली जातं आणि चाकावर काहीच पोचत नाही. गार झालं की वाफ विरते आणि पेडल परत कडक होतं. दादा ज्याला "काही झालेलं नाही" म्हणतो ते हेच. एखादा नट तुटला असता तर त्याने मान्य तरी केलं असतं.

त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, तेही लिहिते. न्यूट्रलला उतरला नसता तर ब्रेक इतके तापलेच नसते. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे कुठलाही एसटी ड्रायव्हर सांगेल. आणि पेट्रोलही वाचत नाही. आताच्या इंजेक्शनच्या गाड्या उतारावर गिअरमध्ये असताना पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की पेट्रोल तोडतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. पण ऑइल ताजं असतं तर त्याच चुकीला आम्हाला बरीच सवलत मिळाली असती. काही शे रुपयांचं काम आणि तासाभराचा वेळ. दादा आजही म्हणतो, तो योगायोग होता.

तर तुमच्या गाडीचं. मागच्या बिलांमध्ये ब्रेक ऑइल बदलल्याची ओळ शोधा. नुसतं टॉप-अप, म्हणजे वरून थोडं भरलं, असं लिहिलं असेल तर ते बदलणं नव्हे. सात वर्षांत एकदाही नसेल तर घाटात जाण्याआधी हे काम करून घ्या. बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात.

इंजिन ऑइलही उभ्या गाडीत बिघडतं, खास करून स्टेशनपर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीत. इंजिन पुरतं तापत नाही, आत जमलेली ओल आणि न जळलेलं पेट्रोल उडून न जाता ऑइलमध्येच राहतं. म्हणून रविवारी खाली जाऊन पाच मिनिटं इंजिन चालू ठेवणारे लोक गाडीचं नुकसानच करतात. बॅटरीही तेवढ्यात भरत नाही. चालू करायची तर अर्धा तास फिरवून आणा. तुम्ही मुलुंडचे, सकाळी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने एक फेरी मारली तरी पुरे.

टायरची नक्षी शाबूत म्हणून टायर शाबूत असं नसतं. बाजूला लंबगोलात चार आकडी नंबर असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तुमचे मूळचे टायर असतील तर सात वर्षांचे झाले. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर नक्षीकडे बघूच नका, बदला. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस सपाट जागी उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे ब्रेक चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली वीट लावा. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत ओल कोंडते. आणि महिन्यातून एकदा बॉनेट उघडून बघाच. मुंबईत उंदीर वायरी कुरतडतात, बंद गाडी त्यांना आयतं घर मिळतं.

लुटतात का? काही ठिकाणी हो. इंजिन डीकार्बनायझिंग, एसी डिसइन्फेक्शन, आतून चकाचक करायची पॅकेजं, हे सगळं जॉबकार्डवर, म्हणजे करायच्या कामांच्या यादीवर, सही करायच्या आधीच कापायला लावा. वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला यातलं क्वचितच काही लागतं. बदललेला पार्ट परत मागा. पण लुटतात म्हणून सर्व्हिसिंगच टाळायचं, हा हिशोब मला पटत नाही. चांगला बाहेरचा मेकॅनिक असेल तर त्याच्याकडे जा, फक्त ऑइल सीलबंद डब्यातलं तुमच्यासमोर उघडायला सांगा.

एक राहिलं. गाडी वॉरंटीत किंवा एक्सटेंडेड वॉरंटीत असेल तर बाहेर जाण्याआधी अटी वाचा, वेळेचं सर्व्हिसिंग चुकलं की क्लेम अडतो. सगळे आकडे आणि मुदती तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणेच धरा, माझ्या नाही. ब्रेक ऑइल कुठलं ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तेच घाला. आणि घरात कुणी मीटर दाखवून वाद घालत असेल तर कुठल्याही गॅरेजमध्ये टेस्टर बुडवायला सांगा, मिनिटाभराचं काम आहे. आमच्या दादाच्या गाडीत मी आता दर मे महिन्यात तेच करून घेते, तो वर घरात असताना.