जन्मवेळ माहीत नसेल तर पत्रिका कशी मांडावी?

प्रश्न : आईचा जन्म १९४४ सालचा. तारीख आहे, वेळ नाही. दुपारचे बारा धरून केलेली पत्रिका चालेल का?

उत्तर : लग्नासाठी, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीसाठी, मुळीच नाही. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, त्यामुळे बारा स्थानं काल्पनिकच ठरतात. त्याऐवजी चंद्रकुंडली मांडा, म्हणजे चंद्राची रास प्रथमस्थानी. त्या दिवशीच्या सूर्योदयाचा आणि दुसऱ्या सूर्योदयाचा चंद्र पंचांगातून काढा. रास सव्वादोन दिवस टिकते, त्यामुळे बहुधा प्रश्न मिटतो; मध्येच बदलत असेल तर दोन्ही कुंडल्या ठेवा. नक्षत्राचं चरण (चौथा भाग) मात्र सुमारे सहा तासांचंच, आणि खरी गफलत दशेत, म्हणजे चंद्राच्या नक्षत्रातल्या जागेवरून मोजलेल्या ग्रहांच्या कालखंडांत, होते : शुक्राची महादशा २० वर्षांची, म्हणून तासाभराच्या चुकीने ती जवळजवळ दहा महिने सरकते. दशेच्या तारखा छापूच नका.

घरच्यांना ‘पहाटे’, ‘दिवेलागणीला’ असं काही आठवतं का, ते जरूर विचारा. मध्यरात्रीनंतरचा जन्म जुनी माणसं आदल्याच वारी सांगतात, तेव्हा तारीख आणि वार जुळवून पाहा. घड्याळाची वेळ सापडलीच, तर तासभर वजा करा. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात भारतातली घड्याळं एक तास पुढे होती.